कपात नेमकी कोणत्या रकान्यात आहे?

"शिक्षणावरचा निधी वाढवा" ही घोषणा द्यायला सोपी आणि फेटाळायला त्याहून सोपी. मंत्रालयात कुणीही पुस्तक उघडून दाखवतं की तरतूद गेल्या वर्षीपेक्षा वाढलेलीच आहे. आणि पुस्तकात आकडा बहुतेकदा खरंच वाढलेला असतो. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांचा पैसा आटतो तो "कपात" हा शब्द कुठेही न लिहिता. जागा रिकामी राहते, हप्ता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुटतो, सुधारित अंदाजात आकडा गुपचूप खाली येतो. उरलेला खड्डा विद्यापीठ परीक्षा शुल्कातून आणि विनाअनुदानित अभ्यासक्रमांच्या फीमधून बुजवतं. या कामात राहिलेल्या कुठल्याही विद्यार्थी कार्यकर्त्याला एवढं कळून चुकलेलं असतं: नेमकी नोंद, नेमकं कार्यालय आणि नेमका महिना सांगता आला तरच सरकारला उत्तर द्यावं लागतं. म्हणूनच रस्त्यावर उतरण्याआधीचं काम मोठं आहे, आणि इथेही आधी त्याबद्दलच.

राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तकं वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या मागण्यांचे क्रमांक 'डब्ल्यू' या अक्षराने सुरू होतात. त्यात लेखाशीर्ष (खर्चाच्या नोंदीचा सांकेतिक क्रमांक) 2202, सर्वसाधारण शिक्षण, आणि त्याखाली 03, म्हणजे विद्यापीठ व उच्च शिक्षण, हे आपलं पान. इथे 102 म्हणजे विद्यापीठांना सहाय्य, 103 शासकीय महाविद्यालयं, 104 अशासकीय महाविद्यालयांना सहाय्य आणि 107 शिष्यवृत्त्या. अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनं 2203 खाली, इमारतींचा भांडवली खर्च 4202 खाली. नवे कार्यकर्ते हमखास अडकतात ते शिष्यवृत्तीपाशी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती उच्च शिक्षण विभागाच्या पानांवर शोधून उपयोग नाही. ती सामाजिक न्याय विभागाकडे, 2225 खाली आहे. चुकीच्या विभागाला निवेदन दिलं की ते "आमच्या अखत्यारीत नाही" एवढ्या एका ओळीनिशी परत येतं आणि महिना वाया जातो.

प्रत्येक ओळीसमोर चार आकडे असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. वर्तमानपत्रात येते ती दुसऱ्या आणि चौथ्या आकड्याची तुलना. आपण बघायचं ते दुसरा आणि तिसरा यांच्यातलं अंतर, आणि दोन वर्षांनी पुस्तक आलं की त्याच वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. घोषणा मूळ अंदाजाची होते, पैसा सुधारित अंदाजात आणि प्रत्यक्ष खर्चात गळतो. म्हणून पाच सलग वर्षांची पुस्तकं उतरवून घ्यावीत आणि एकाच वर्षाचे तिन्ही आकडे (मूळ अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च) एका ओळीत मांडावेत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या (कॅग) विनियोजन लेख्यांमध्ये, म्हणजे मंजूर रक्कम आणि खर्च यांच्या वार्षिक हिशोबात, याच मागणीखाली किती रक्कम अखर्चित राहिली आणि किती परत केली गेली हेही सापडतं. तिथे त्याला "बचत" म्हणतात.

अनुदानाच्या आत आणखी एक फोड असते: 36 म्हणजे सहायक अनुदाने (वेतन) आणि 31 म्हणजे सहायक अनुदाने (वेतनेतर). ग्रंथालयाची नियतकालिकं, प्रयोगशाळेतली रसायनं, वीज, वसतिगृहाची डागडुजी हे सगळं वेतनेतर खर्चात येतं. एकूण अनुदान वाढतंय आणि वेतनेतर ओळ आहे तिथेच आहे, असं चित्र वारंवार दिसतं. वेतनाची ओळ वाढली म्हणजे प्राध्यापक वाढले असंही नाही. विद्यापीठीय शिक्षकांना सातवा वेतन आयोग मार्च 2019 च्या शासन निर्णयाने मिळाला, पण तो 1 जानेवारी 2016 पासून लागू झाला. त्यामुळे मधल्या काळाच्या थकबाकीने नंतरच्या वर्षांचे आकडे फुगले. महागाई भत्ता तर दरवर्षी वाढतोच. थकबाकी बाजूला न काढता केलेला आलेख पत्रकार परिषदेत ठेवला आणि कुणी त्यावर बोट ठेवलं की सगळ्या मुद्द्यांवरचाच विश्वास उडतो.

महागाईचा हिशोब मात्र आपल्या बाजूने आहे आणि तो अवघड नाही. समजा, वेतनेतर अनुदान पाच वर्षं 10 कोटींवर स्थिर आहे आणि भाववाढ वर्षाला 6 टक्के आहे. 1.06 चा पाचवा घात साधारण 1.34 येतो. म्हणजे आजच्या 10 कोटींची किंमत पाच वर्षांपूर्वीच्या सुमारे साडेसात कोटींइतकी. एकही रुपया न कापता चौथा हिस्सा गेला. हा आकडा विद्यार्थिसंख्येने भागून "दर विद्यार्थ्यामागे" असा मांडला की सभेतल्या शेवटच्या रांगेलाही कळतो.

अर्थसंकल्प मंजूर होणं आणि पैसे मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचं सर्वांत ठळक उदाहरण 4 मे 2020 चा वित्त विभागाचा शासन निर्णय. कोविडच्या काळात विकास योजनांसाठी मंजूर तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळेल असं त्यात ठरलं आणि आरोग्याशी निगडित विभाग वगळता नवी पदभरती थांबवली गेली. विधिमंडळाने मंजूर केलेलं पुस्तक तसंच राहिलं, पण हातात येणारा पैसा एका आदेशाने तिसऱ्या हिश्श्यावर आला. साथीच्या वर्षाचं समजू शकतो. पण निधीवितरणावर टक्केवारीची मर्यादा घालणारे आदेश इतर वर्षीही निघतात, म्हणून वित्त विभागाचे शासन निर्णय नियमित वाचणारा एक जण गटात हवाच. 'बीम्स' या राज्याच्या ऑनलाइन निधीवितरण प्रणालीवर योजनानिहाय तरतूद, वितरण आणि खर्च बघता येतो. तिथली आकडेवारी बदलत राहते, तेव्हा जे दिसेल त्याची तारखेसह प्रत छापून ठेवावी.

यानंतर माहितीचा अधिकार. 2005 च्या कायद्याखालचा अर्ज महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' मध्ये, 10 रुपयांचं न्यायालय फी मुद्रांक लावून करायचा. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांत, हा राज्याचा नियम आहे, आणि तेवढ्या कारणावरून अर्ज परत येतात. दुसरी फसगत प्रश्नाच्या रूपात असते. "अनुदान का दिलं नाही?" असं विचारलं तर "कारणमीमांसा ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर ठरलेलं. कागद मागायचा. उदाहरणार्थ: "अमुक ते अमुक या प्रत्येक आर्थिक वर्षात विद्यापीठास मंजूर, वितरित व प्राप्त झालेल्या वेतन व वेतनेतर अनुदानाच्या रकमा, दिनांकासह, आणि वितरण आदेशांच्या साक्षांकित प्रती." शक्य तिथे "अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी करू इच्छितो" हे वाक्य घालावं. पाहणीचा पहिला तास मोफत असतो आणि फायलीतल्या टिपण्या वाचताना जे हाती लागतं ते छापील उत्तरात कधीच येत नाही. प्रती घ्यायच्या तर पानाला 2 रुपये.

हाच मजकूर तीन ठिकाणी टाकायचा: विद्यापीठाचा वित्त व लेखा विभाग, विभागीय सहसंचालक (उच्च शिक्षण) आणि मंत्रालयातलं संबंधित कार्यासन (डेस्क). पाठवणारा एक आकडा सांगतो, घेणारा दुसरा, आणि दोन्हींमधला फरक हाच आंदोलनाचा सर्वांत भक्कम कागद ठरतो. उत्तराची मुदत 30 दिवस, मग 30 दिवसांत पहिलं अपील आणि 90 दिवसांत दुसरं, दोन्हींना 20 रुपयांचं मुद्रांक. दुसऱ्या अपिलाला इतका वेळ लागतो की त्यावर चालू वर्षाचं आंदोलन टांगून ठेवता येत नाही. पहिलं अपील मात्र सोडू नये. बरीचशी माहिती त्या सुनावणीच्या आदल्या दिवशी पोहोचते.

रिक्त पदांचा अर्ज वेगळा करावा. विचारायचं ते मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं, विभागनिहाय आणि प्रवर्गनिहाय, एका ठरावीक तारखेला. "31 मार्च रोजी" असं लिहिलं नाही तर प्रत्येक कार्यालय आपल्या सोयीची तारीख घेतं आणि आकडे जुळत नाहीत. राज्याचं वेतन अनुदान भरलेल्या मंजूर पदांपुरतंच येतं. त्यामुळे निवृत्त प्राध्यापकाची जागा भरली नाही की त्या पगाराएवढं अनुदान कायमचं वाचतं आणि कुणालाही कपात जाहीर करावी लागत नाही. त्या जागी तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटी माणूस येतो. विद्यापीठाच्या विभागांत त्याचं मानधन बऱ्याचदा विद्यापीठाच्या सामान्य निधीतून जातं, म्हणजे अखेर आपल्याच शुल्कातून. शुल्कवाढीचं आंदोलन आणि प्राध्यापक भरतीचं आंदोलन हे दोन वेगळे विषय नाहीत. निधीची लढाई कमकुवत होते ती बहुतेकदा हे दोन गट वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या दारात बसल्यामुळे.

विद्यापीठाच्या स्वतःच्या अर्थसंकल्पात हे सरळ दिसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार तो वित्त व लेखा समितीकडून व्यवस्थापन परिषदेकडे आणि तिथून अधिसभेपुढे (सिनेट) येतो. ही अधिसभा सहसा मार्चमध्ये होते. जमेच्या बाजूला राज्य अनुदान, परीक्षा शुल्क, संलग्नीकरण शुल्क आणि ठेवींवरचं व्याज अशा ओळी असतात. प्रत्येकीचा एकूण जमेतला टक्का पाच वर्षांसाठी काढावा. अनुदानाचा टक्का उतरताना आणि परीक्षा शुल्काचा चढताना दिसला की तोच तक्ता पोस्टरवर छापायचा, त्यावर वेगळी घोषणा लिहायची गरज राहत नाही. अधिसभेत प्रश्न, ठराव आणि कपात सूचना (त्यांच्याबद्दल पुढे) फक्त सदस्यांना देता येतात, आणि त्यांची मुदत सभेच्या बरीच आधी संपते. म्हणून नोंदणीकृत पदवीधर गटातून निवडून आलेले सदस्य फेब्रुवारीच्या आत गाठावेत आणि त्यांना भाषण न देता तयार मसुदा द्यावा: एक प्रश्न, एक ठराव, सोबत तक्ता. सभेच्या दिवशी दाराबाहेर घोषणा देणारे विद्यार्थी आणि आत तोच प्रश्न विचारणारा सदस्य, हे दोन्ही असेल तर कुलगुरूंना सभागृहातच उत्तर द्यावं लागतं आणि ते इतिवृत्तात जातं.

राज्याकडे वळताना अडचण महिन्याची येते. अधिवेशन मार्चमध्ये, आणि तेव्हाच उन्हाळी परीक्षा. मोर्चाला माणसं जमत नाहीत याचं कारण उदासीनता नसतं, वेळापत्रक असतं. शिवाय मार्चमध्ये पुस्तक छापून झालेलं असतं. विभागांच्या मागण्या वित्त विभागाकडे हिवाळ्याच्या आधीच जायला लागतात, म्हणून खरं दडपण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणायला हवं: आपल्या विद्यापीठाने शासनाकडे नेमकी किती मागणी पाठवली, हे आधी कुलगुरूंना विचारून. अनेकदा विद्यापीठाने गरजेपेक्षा कमीच मागितलेलं असतं, कारण मिळणार नाही असं गृहीत धरलेलं असतं. दुसरी संधी डिसेंबरची, नागपूरचं हिवाळी अधिवेशन. तिथे पुरवणी मागण्या (मूळ तरतुदीवर जादा रकमेच्या मागण्या) येतात आणि वर्षाच्या मध्यात पैसा वाढवून घेण्याचा तोच रस्ता.

आमदारांकडे जाताना कोणतं आयुध कशासाठी हे माहीत असावं. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात, तो अधिवेशनाच्या पुष्कळ आधी द्यावा लागतो. तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना अधिवेशन चालू असतानाही देता येते. मागण्यांवरच्या चर्चेत सदस्य कपात सूचना मांडतात, त्यात मागणी 100 रुपयांनी कमी करावी असं म्हणून गाऱ्हाणं नोंदवलं जातं. निधी वाढवा म्हणणाऱ्याने कपात सूचना मांडायची हे विचित्र वाटतं. पण राज्यघटनेने विधानसभेला मागणी मंजूर करण्याचा, नाकारण्याचा किंवा कमी करण्याचाच अधिकार दिला आहे, वाढवण्याचा नाही. विधान परिषदेत पदवीधर मतदारसंघांचे 7 आणि शिक्षक मतदारसंघांचे 7 सदस्य असतात, या विषयावर त्यांना नाही म्हणणं सर्वांत कठीण जातं. त्यांना अर्ध्या पानाचं टिपण द्यावं: लेखाशीर्ष, तीन वर्षांचे आकडे, एक प्रश्न. दहा पानी निवेदन स्वीय सहायकाच्या टेबलावरच राहतं.

निवेदनाचंही शास्त्र आहे. मागण्या तीनच्या वर नकोत, आणि प्रत्येकीपुढे ती कोणाच्या अधिकारात येते हे लिहिलेलं हवं. निवेदन साहेबांच्या हातात देऊन फोटो काढणं ठीक, पण दुसरी प्रत बारनिशीत (आवक-जावक कक्षात) देऊन तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. पुढच्या प्रत्येक पत्रात तोच क्रमांक संदर्भ म्हणून येतो. पोलिसांकडे आणि गरज पडली तर न्यायालयातही, आधी सनदशीर मार्ग चोखाळले याचा पुरावा तोच असतो.

मागणी किती टोकदार असावी याची उदाहरणं आपल्यासमोर आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2015 मध्ये 'नेट' ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या संशोधकांची अधिछात्रवृत्ती (एम.फिल. ला महिना 5,000, पीएच.डी. ला 8,000 रुपये) बंद करायचं ठरवलं, तेव्हा विद्यार्थी दिल्लीत आयोगाच्या कार्यालयासमोर बसले आणि काही दिवसांतच ती चालू राहील असं सरकारला जाहीर करावं लागलं. रक्कम वाढवा आणि राज्य विद्यापीठांनाही द्या, या त्यांच्याच पुढच्या मागण्या मात्र रखडल्या. होणारी कपात रोखणं जितकं लवकर जमतं, तितकी वाढ मिळवणं जमत नाही, हे डावपेच आखताना धरून चालावं. बार्टीच्या (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था) अधिछात्रवृत्तीसाठी मुंबईत आझाद मैदानावर बसलेल्या संशोधकांची मागणीही एका आकड्यात मावत होती: 861 विद्यार्थी. कोण, किती, कशासाठी, हे वाटेवरच्या माणसालाही विचारावं लागत नव्हतं.

आता रस्ता. धरणं किंवा मोर्चासाठी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, शक्यतो आठवडाभर आधी, त्यात तारीख, वेळ, जागा किंवा मार्ग, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक आहे का, आणि जबाबदार व्यक्तींची नावं. मुंबईत आंदोलनाची जागा आझाद मैदान, बाकी ठिकाणी परवानगी मिळत नाही. पुण्यात उच्च शिक्षण संचालनालय मध्यवर्ती इमारतीत आहे, पण आवारात बसू देत नाहीत, दाराबाहेरची जागा ठरवूनच जावं. अर्जदारांमध्ये एकच नाव घालू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चे जमावबंदी आदेश शहरांत वारंवार लागू असतात, आणि परवानगीशिवाय जमल्यास गुन्हा त्या नावावर नोंदला जातो. गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच जी नोटीस देतात आणि जिला अजूनही "149 ची नोटीस" म्हणतात ती 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 खाली येते. ती घ्यावी, वाचावी, प्रत ठेवावी आणि वकिलाला पाठवावी. नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलं तर ऐन वेळी मुलं मागे ओढली जात नाहीत.

इथे संघटनांनी एक भान ठेवायला हवं. शिष्यवृत्तीवर शिकणारा, वसतिगृहात राहणारा, गावाकडून आलेला विद्यार्थी या कपातीचा पहिला बळी आहे, आणि गुन्हा नोंदला गेला तर पारपत्र, नोकरीतली चारित्र्य पडताळणी यांत सर्वांत जास्त तोच अडकतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्याला अटक होईल अशा जागी उभं करू नये. त्याला आकडेवारी, पत्रकं, मंडपाची व्यवस्था अशी कामं द्यावीत. वर्गातल्या उपस्थितीचा प्रश्नही खरा आहे. तासांवरचा बहिष्कार बेमुदत ठेवण्यापेक्षा एका दिवसाचा आणि विभागवार फिरता ठेवला तर उपस्थिती कमी पडत नाही आणि आंदोलन जास्त टिकतं.

उपोषणाची घोषणा शेवटी करावी, आणि केली तर साखळी की आमरण हे निवेदनातच स्पष्ट लिहावं. बसणाऱ्यांची आधी वैद्यकीय तपासणी, रोज वजन, रक्तदाब आणि रक्तातली साखर यांची नोंद, पाणी सतत. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्याला बसू देऊ नये, तो कितीही आग्रही असला तरी. प्रकृती खालावली की पोलीस रुग्णालयात हलवतात आणि मंडप एका रात्रीत रिकामा होतो. पुढची तुकडी ठरलेली नसेल तर आंदोलन तिथेच संपतं.

चर्चेला बोलावणं आलं की पाचांपेक्षा जास्त जणांनी जाऊ नये: एक बोलणारा, एक आकडे सांभाळणारा, एक प्रत्येक वाक्य लिहून घेणारा. "सकारात्मक आहोत", "प्रस्ताव विचाराधीन आहे", "वित्त विभागाकडे पाठवला आहे" या तिन्ही उत्तरांना एकच प्रतिप्रश्न: नस्ती (फाइल) क्रमांक आणि तारीख काय? नस्ती असेल तर क्रमांक असतो. बैठकीचं इतिवृत्त लेखी मागावं. ते मिळेपर्यंत धरणं "स्थगित" म्हणावं, "मागे घेतलं" म्हणू नये, कारण मागे घेतलेल्या आंदोलनासाठी परवानगीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

आश्वासन पूर्ण झालं की नाही हे शासन निर्णयात दिसतं, आणि तो राज्याच्या संकेतस्थळावर संगणक सांकेतांकासह प्रसिद्ध होतो. निर्णयात "निधीच्या उपलब्धतेनुसार" असे शब्द असतील तर लढाई अर्धीच झाली आहे. निर्णयानंतर वितरण आदेश, मग बीम्सवर रक्कम, मग विद्यापीठाच्या खात्यात जमा, असे तीन टप्पे उरतात. जुलै 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी देण्याचा निर्णय झाला. तो आवश्यकच होता. पण माफ केलेल्या फीच्या प्रतिपूर्तीचा सरकारी हप्ता उशिरा आला की महाविद्यालयं मुलींकडे फी मागतात किंवा निकाल अडवतात. असं कुठे घडलं तर तोंडी भांडत बसू नये. प्राचार्यांना शासन निर्णयाच्या प्रतीसह लेखी पत्र द्यावं, एक प्रत सहसंचालकांना, दोन्हींवर आवक क्रमांक घ्यावा. आणि 31 मार्च उलटला की एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात त्या वर्षाच्या वितरणाचा माहिती अर्ज टाकावा, म्हणजे उत्तर मे महिन्यात हातात येतं आणि सप्टेंबरमधल्या मागणीच्या वेळी आपल्याकडे ताजा आकडा असतो.